बोहनीची पट्टी

२ मार्च २०२५, रविवार

गोंदियाहून गाडी वेळेवर सुटली आणि रायपूरला बावीस मिनिटं उशिरा पोचली. हे मी नाही, बाबांनी मोजलं. बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड राहिलेला माणूस प्रवासी म्हणून बसला की शेजारच्याची धडगत नसते. डोंगरगढपासून दर थांब्याला ड्रायव्हरचं काय चुकलं ते ऐकत आले.

घर मात्र मस्त मिळालंय. बूढापाऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी. मान जरा तिरकी केली की तलावाचं पाणी दिसतं. गल्ली एवढी अरुंद की सामानाचा टेम्पो तोंडाशीच थांबला. जिन्यात बाबा मध्येच एकदा थांबले, आणि दम लागला हे कळू नये म्हणून भिंतीवरचं विजेचं मीटर वाचत बसले. मीही आकडा विचारला. त्यांनी सांगितला. आमचं हे असं चालतं.

सात वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला होता. उजव्या धमनीत गुठळी अडकली होती. तिथं जाळीची बारीक नळी बसवली, तिला स्टेंट म्हणतात, आणि तेव्हापासून रोज तीन गोळ्या चालू आहेत: रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची. त्याआधीपासूनच मी ईसीजी टेक्निशियन होते, पण हे काम मला खरं समजलं ते त्या दिवशी. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यामुळे नोकरी रायपूरला लागली तेव्हा त्यांना गोंदियात ठेवायचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, "मी काय सामान आहो काय, उचललं का निघालं?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ट्रंक बांधून बसले.

स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतलाय. मिठाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय. बघू कोण जिंकतं.

३ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. सेंटर छोटं आहे पण हृदयाचं सगळं इथंच होतं: ईसीजी, इको, अँजिओग्राफी, स्टेंट, पेसमेकर. डॉ. लोकेश सर मुख्य. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. बोलतात भरभर, जेवतात उभ्यानं, आणि पेशंटला मिठावरून रागावून झालं की स्वतः समोसा खातात. मला आवडले.

माझी खोली दोन नंबरची. रेक्झीनचा पलंग, स्टूल, खिडकी आणि पिवळं पडलेलं जुनं मशीन. माझ्याआधी इथं प्रेमला दीदी होत्या, बावीस वर्षं. त्या निवृत्त होऊन जगदलपूरला लेकीकडे गेल्या. खोलीचं बाकी सगळं मीराबाई बघते. ही इथली जुनी आया. वयानं माझ्या आईएवढी, पण मलाच दीदी म्हणते.

आणि तिनं मला एक गंमत सांगितली. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी इथं बोहनीची पट्टी काढतात. म्हणजे मशीनचे चिमटे आणि छातीला लावायचे रबरी फुगे रिकाम्या पलंगावर ठेवायचे, बटण दाबायचं, आणि जो कागद निघेल तो न बघता घडी करून मीराबाईच्या हातात द्यायचा. ती तो मागच्या अंगणात फाडून टाकते. दुकानदार बोहनीच्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हाती परतवत नाही, तसं हे मशीनचं पहिलं गिऱ्हाईक. प्रेमला दीदी म्हणे कागद निघताना तोंड खिडकीकडे करायच्या. मी कारण विचारलं तर मीराबाई एवढंच म्हणाली, "बोहनी के पट्टी ल झन पढ़व, दीदी." वाचू नका.

रिकाम्या पलंगाच्या पट्टीत वाचायचं तरी काय? थरथरती रेघ. पण गाव तिथं रिवाज. मीही आज शहाण्यासारखं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर एक माणूस स्कूटरवर तीन गॅस सिलिंडर नेत होता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना पटलं. म्हणाले, गाडी सुटण्याआधी आम्हीही डब्याला उगाच हात लावायचो.

५ मार्च, बुधवार

वाचली. माझाच स्वभाव नडला. ईसीजी समोर आली आणि मी वाचली नाही असं अकरा वर्षांत झालेलं नाही.

पट्टी हातात घेतली तेव्हा घडी उलटी पडली, आणि जे दिसलं ती थरथर नव्हती. ते हृदय होतं. व्यवस्थित ठोके, पण बेताल. दोन जवळ, मग मोकळी जागा, मग तीन घाईघाईनं. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो आणि आत रक्त साकळायची भीती असते. मी चिमटे तपासले. पलंगावर कोणी नव्हतं.

मीराबाई पट्टी मागत होती. मी म्हटलं, नंतर देते. जुन्या मशीनच्या मेमरीत कालची नोंद राहिली असेल असं वाटलं.

अकरा वाजता एक शाळामास्तरीण आल्या. छातीत धडधडतंय म्हणाल्या. त्यांची पट्टी काढली आणि सकाळच्या पट्टीवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. एकावर एक बसली. कुठं दोन ठोके जवळ, कुठं मोकळी जागा, सगळं तसंच. मला घाम फुटला, पण खोटं कशाला लिहू, मजाही वाटली.

सरांनी त्यांना रक्त पातळ करायची आणि ठोके आवरायची गोळी दिली. संध्याकाळी त्या हसत घरी गेल्या. मी सकाळच्या पट्टीवर त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांच्या फाईलला लावली. वर्ध्याला कोर्स करताना आमचे गुरुजी सांगायचे की बिननावाची पट्टी म्हणजे बेवारस प्रेत. कागद मशीनमधून निघाला की आधी नाव, मग बाकीचं. ते माझ्या हाताला एवढं लागलंय की वाण्याच्या यादीवरही मी आधी नाव लिहिते.

७ मार्च, शुक्रवार

काल आणि आजही वाचली. काल साधीच होती, थोडा बीपीचा ताण. तसाच पेशंट आला.

आजची वाईट होती. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला पोचतच नव्हता. मिनिटाला जेमतेम बत्तीस ठोके. मी वाट बघत बसले नाही. पेसमेकरचा ट्रे तयार आहे का विचारलं, कॅथ लॅबमधल्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतल्या पोराला चहाला जाऊ दिलं नाही. साडेबाराला एका आजोबांना बेशुद्ध आणलं. तेच ठोके, तीच बत्तीस. सगळं हाताशी होतं म्हणून अर्ध्या तासात पेसमेकर बसला. सर म्हणाले, सुजाताजी, तुम्हारा हाथ लकी है.

मीराबाई सोडून सगळे खूश आहेत. ती आज माझ्याशी बोलली नाही. पट्टीसाठी पुढं केलेला हात तिनं तसाच पदराला पुसला.

मला वाटतंय की हे देणं आहे. इतकी वर्षं लोक ते न वाचता फाडत होते. आधी कळलं तर किती जण वाचतील. आनंद झालाय मला, आणि थोडा गर्वही.

१० मार्च, सोमवार

गर्वाचं घर खाली.

सकाळची पट्टी शुक्रवारच्याहून वाईट होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका, रेघा थेट वर चढलेल्या. मी सरांना सांगितलं की आज मोठी केस येईल असं वाटतंय. ते हसले, पण टीम जागेवर राहिली. दहा चाळीसला आला. चौतीस वर्षांचा, माझ्याच वयाचा. बायकोनं हात धरून आणलं होतं. चावायच्या गोळ्या दिल्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरलेलंच होतं, टेबल मोकळं होतं. यापेक्षा लवकर जगात कुठं काही झालं नसतं. टेबलावर घेता घेताच गेला.

त्याची पट्टी सकाळच्या पट्टीवर ठेवायचं धाडस झालं नाही. ठेवायची गरजही नव्हती.

उद्यापासून वाचणार नाही. घडी करून मीराबाईला देईन.

१२ मार्च, बुधवार

काल दिली. आज कागद निघताना तोंड खिडकीकडे होतं. पण कागद अडकला, मशीन कुरकुरायला लागलं, आणि तो सोडवायला वळावंच लागलं.

बाबांची पट्टी होती.

बाबांची पट्टी मी अक्षरासारखी ओळखते. जुन्या झटक्याच्या खोल खुणा, उजव्या बाजूची वीज उशिरा पोचते म्हणून ठोक्याला फुटलेले दोन कान, आणि त्यावर आज नवीन काहीतरी. पुढच्या भिंतीच्या रेघा वर चढायला लागलेल्या. हाताला लागलेली सवय. डोकं चालू व्हायच्या आत वरच्या कोपऱ्यात नाव लिहून झालं होतं. शालिग्राम गजभिये. वय ६७.

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. बाबा बनियनवर मटार सोलत होते. ओढतच सेंटरला आणलं. ते रस्ताभर चिडले होते, "काहून एवढी घाबरून राहिली, पोट्टी? मले काही झालं नाही ना." ईसीजी काढली. नेहमीचीच, नवीन काही नाही. इको झाली, रक्ताची तपासणी झाली. सर म्हणाले, बाबूजी फिट आहेत, मीठ कमी करा.

तीन वाजता दयाराम आला. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवतो, पन्नाशीचा, छातीवर हात दाबून घामानं निथळत. पट्टी काढली. जुन्या झटक्याच्या खुणा, दोन कान, वर चढणाऱ्या रेघा. सकाळच्या पट्टीवर ठेवली आणि केसाचाही फरक नव्हता. सकाळची पट्टी त्याची होती. अशा पट्टीची हजार माणसं असतात, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलंय. मी भीतीपोटी तिच्यात बाबांना बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

एवढं हलकं वाटलं की मी तिथंच हसले. एक माणूस मरणाच्या दारात होता आणि मी हसले. हे लिहून ठेवते.

मग दयारामचं दुखणं थांबलं. इंजेक्शन अजून सिरिंजमध्येच होतं. चाळीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढली तर साफ. चढलेल्या रेघा खाली, आणि जुन्या झटक्याच्या खुणासुद्धा नाहीत. त्या जात नसतात. मेलेला स्नायू परत उगवत नाही. सर तीनदा चिमटे तपासून गेले. मग म्हणाले, कधी कधी गुठळी आपोआप विरघळते, पहिली पट्टी बिघडली असेल. दयारामनं चहा मागितला.

नाव खोडायचं राहिलं होतं. घरी आल्यावर डायरीत घालून ठेवलेली ती पट्टी काढली, खोडलं, खाली दयाराम लिहायला पेन टेकवलं. मग वाटलं, तो बरा झालाय, कशाला. खोडलेलं तसंच बरं दिसेना, म्हणून पुन्हा बाबांचंच नाव नीट लिहिलं. मला गिचमिड आवडत नाही.

१३ मार्च, गुरुवार

जिन्यात बाबा दोनदा थांबले. मीटर वाचलं नाही. नुसते थांबले.

बोहनीची पट्टी आज कोरी आली. साधी थरथर. पलंग रिकामा आहे तशी.

१५ मार्च, शनिवार

काल होळीची सुट्टी. गल्लीत रंग चालला होता, बाबा बाल्कनीतून बघत होते. दुपारी म्हणाले की हाताला मुंग्या येतात.

आज पुन्हा सेंटरला. पट्टीत पुढच्या भिंतीच्या रेघा किंचित वर, पाव चौकोन. सरांना दिसेना, मला दिसतं. माझ्याजवळ ती कुठं चालली आहे त्याचा नकाशाच आहे. हट्ट धरून अँजिओग्राफी करवली. मनगटातून नळी गेली, पडद्यावर धमन्या उमटल्या. सगळ्या मोकळ्या. स्टेंट नवा असल्यासारखा. सर म्हणाले की दुरुस्त करण्यासारखं काही नाही, ही तर चांगली बातमी आहे.

मी बाहेर येऊन रडले. गुठळी असती तर काढली असती.

बोहनीची पट्टी कोरी.

१७ मार्च, सोमवार

बाबांना भरती केलं. रेघा अर्ध्यावर आल्या. रक्त पातळ करायचं औषध शिरेतून चालू आहे, नायट्रोग्लिसरीन चालू आहे, ऑक्सिजन चालू आहे. पुस्तकात जे जे लिहिलंय ते सगळं चालू आहे. सर रायपूरमधल्या दोन मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. सगळ्यांनी हेच सांगितलं असतं, हेच सांगितलं.

मीराबाईला खरं सांगितलं. पट्टी दाखवली. ती जमिनीवर बसली. मग तिनं सांगितलं, प्रेमला दीदींनी तिला सांगितलेलं. पट्टी वाचली तर पोटाला चिंता लागते, बस. पण माणूस यायच्या आधी तिच्यावर नाव पडलं तर ती त्या नावाची होते. "जेकर नाव लिखाइस, ओकरे हो गे."

फाडू का विचारलं. ती माझा हात धरून नको म्हणाली. बिननावाची फाडतात. नाव पडलेली फाडली की ते माणूस तिथंच संपतं.

१८ मार्च, मंगळवार

खोडरबर. पांढरी शाई. स्पिरिटचा बोळा. नाव पुसटलं की वॉर्डमधून बोलावणं येतं, ठोके बिघडलेत म्हणून. तीनदा झालं. चौथ्यांदा केलं नाही.

ईसीजीचा कागद उन्हात ठेवला तर फिका पडतो. दोन तास खिडकीत ठेवली. रेघा आणखी काळ्या झाल्या.

आईचं नाव लिहून बघितलं. काही फरक नाही. गेलेल्या माणसाला आजार कसा चिकटणार.

बाबांनी विचारलं, डोळे का सुजले. मी म्हटलं धूळ. ते म्हणाले, "सुजे, तुले खोटं बोलता येत नाही. तुह्या आईलेही येत नोतं."

१९ मार्च, बुधवार

सकाळी रजिस्टरमधून दयारामचा नंबर काढला.

ही पट्टी त्याची होती. त्याचीच. मी उचलून बाबांना दिली. परत केली तर ती चोरी नाही — असं स्वतःला दहा वेळा सांगितलं. पेन उघडं होतं. म्हटलं, आधी आवाज ऐकू. मुलीनं उचलला. म्हणाली, पापा मम्मी के साथ गोल बाज़ार गए हैं, मेरी शादी के बर्तन लेने. मग आपणहून सांगितलं की पापा एकदम ठीक आहेत, उस दिन आप लोगों ने बचा लिया, दीदी.

आम्ही वाचवलं नाही. बाबांनी वाचवलं, त्यांना न विचारता.

नाही लिहू शकले. मुलीचा आवाज ऐकला नसता तर लिहिलं असतं. मी तेवढीच चांगली आहे, जास्त नाही.

दुपारी बाबांच्या रेघा त्या पट्टीएवढ्या व्हायला दोन चौकोन उरले होते.

बाबांचं नाव एक रेघ मारून खोडलं. खाली लिहिलं — सुजाता शालिग्राम गजभिये. वय ३४.

२० मार्च, गुरुवार

बाबा उठून बसले. ऑक्सिजन काढला. पोहे मागितले, वर जिलबीही. सर म्हणतात औषध लागू पडलं.

जुन्या झटक्याच्या खुणाही गेल्या त्यांच्या पट्टीतून. सर पुन्हा चिमटे तपासून गेले.

मला डाव्या जबड्यात दुखतंय. थोडंसं.

२१ मार्च, शुक्रवार

बाबांना घरी आणलं. जिना न थांबता चढले. वर जाऊन मलाच ओरडले, लवकर ये.

मी मीटर वाचत होते.

२२ मार्च, शनिवार

सगळे जेवायला गेल्यावर दोन नंबरमध्ये एकटीच पलंगावर झोपले. चिमटे स्वतःच लावले. जुन्या झटक्याच्या खुणा — मला कधी झटका आलाच नाही — दोन कान — रेघा अर्ध्यावर.

कोणाला दाखवली नाही. काय करणार आहेत? नळी घालतील, धमन्या मोकळ्या दिसतील, चांगली बातमी म्हणतील. आता नाव फक्त माझंच आहे, आणि ते मी लिहिलंय. गोळ्या घेतल्या. बाबांच्याच डबीतल्या.

बाबांना सांगितलं ॲसिडिटी आहे. त्यांनी विचारलं की रोज काय लिहीत असते एवढं. मी म्हटलं, कामाचं.

मला भीती वाटतेय. फार. मरायची नाही — हो, मरायचीच.

२३ मार्च, रविवार

सकाळपासून छातीवर कोणी बसल्यासारखं. घाम. डावा हात जड. अक्षर बघा —

बाबा म्हणतात चल सेंटरला. मी म्हटलं, झोपते जरा, मग जाऊ. त्यांनी पांघरूण घातलं. डोक्यावरून हात फिरवला. लहानपणीसुद्धा कधी फिरवला नव्हता, ड्यूटीवर असायचे —

*

एक वाजून पाच.

जाग आली. दुखत नाही.

अजिबात नाही. हात हलका. खोल श्वास घेतला, आत गेला, पूर्ण. भूक लागलीये. स्वयंपाकघरातून खिचडीचा वास येतोय. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतंय. एवढं बरं का वाटतंय —

डायरी उशीखाली होती. टेबलावर आहे. वर बाबांचा चष्मा.

आतली पट्टी उघडली. माझ्या नावावर फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ. खाली शालिग्राम गजभिये, गार्ड, गोंदिया. वेळ १२.४०. आणि समासात पुन्हा शालिग्राम गजभिये. रेघांच्या मधल्या जागेत. मागच्या बाजूला, आडवं, उभं, जिथं जिथं कोरं होतं तिथं. पेनाचं टोक टेकवायला जागा ठेवली नाही. का ते मला ठाऊक आहे. मी पुन्हा माझं लिहीन हे त्यांना —

कुकरची शिट्टी झाली.

पुन्हा झाली.

हाक मारली. ओ नाही.

उठायला हवं. उठत नाहीये मी, लिहितेय. लिहितेय तोवर तिकडे बघावं लागत नाही —

आणखी एक शिट्टी. गॅस कोणी बंद करत नाही. बाबा, खिचडी लागेल, बाबा, गॅस —